वार्नाचे सोने आणि रिकामी थडगी

बल्गेरियातल्या वार्ना शहराला काळ्या समुद्राचा लांबलचक किनारा लाभला आहे आणि उन्हाळ्यात तिथे येणारे बहुतेक लोक त्या किनाऱ्यासाठीच येतात. मी गेले होते ते तिथले पुरातत्त्व वस्तुसंग्रहालय पाहायला. पेत्को मोमचिलोव्ह या वास्तुशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुलींच्या शाळेसाठी बांधलेल्या भव्य इमारतीत आता हे संग्रहालय आहे. त्याचा पाया मात्र वेगळ्याच मंडळींनी घातला. कारेल आणि हेर्मान श्कोर्पिल या मूळच्या चेक बंधूंनी १९०१ साली वार्नात पुरातत्त्व मंडळ स्थापन केले आणि १९०६ मध्ये संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. मिलेटसच्या ग्रीकांनी इथे वसवलेल्या ओडेसोस या वसाहतीची कोरीव स्मृतिशिल्पे, रोमन काळातल्या वस्तू, चर्चमधली जुनी धर्मचित्रे असे पुष्कळ काही तिथे आहे. पण खरे सांगायचे तर हे सारे मी भराभर पाहिले. जगात इतरत्र पाहायला मिळणार नाही असे जे आहे, ते सोन्याच्या दालनात आहे.

त्या दालनात थडगे क्रमांक ४३ पुन्हा मांडून दाखवले आहे. उताणा, हातपाय सरळ ठेवून निजवलेला एका मध्यमवयीन पुरुषाचा सांगाडा. दंडांवर सोन्याची कडी, अंगभर सोन्याचे मणी आणि चकत्या, हाताशी सोन्याने मढवलेल्या दांड्याची दगडी कुऱ्हाड, शेजारी तांब्याची हत्यारे आणि गारगोटीची लांब पाती. पर्यटकांची दाटी इथेच होते. मीही बराच वेळ तिथेच उभी होते. नंतर थडगे क्रमांक ३६ ची मांडणी पाहिली. त्यातही सोने होते, शिंगे उभारलेले सोन्याचे दोन छोटे बैल होते, सोन्याचे घोट्याचे हाड होते, राजदंड होता. नव्हता तो फक्त माणूस. हा सांगाडा काढून नेलेला नाही किंवा मातीत विरघळून गेलेला नाही. या थडग्यात कधीच कोणाला पुरलेले नव्हते.

या रिकाम्या थडग्यापाशी फारसे कोणी थांबत नव्हते. वार्नावर सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या मजकुरातही हेच होते. ४३ क्रमांकाचा माणूस ‘राजा’ किंवा ‘जगातला पहिला श्रीमंत माणूस’ म्हणून मुखपृष्ठावर येतो आणि रिकामी थडगी एखाद्या वाक्यात उरकली जातात. माझे म्हणणे असे की वार्नाचे सोने समजून घ्यायचे असेल तर सुरुवात रिकाम्या थडग्यांपासून करायला हवी. तसे केले की ‘राजा’ची गोष्ट डळमळू लागते.

आधी शोधाची हकिकत. ऑक्टोबर १९७२ मध्ये वार्नाच्या पश्चिमेला, सरोवराजवळच्या औद्योगिक भागात चर खणण्याचे काम चालू होते. खोदकाम यंत्र चालवणाऱ्या रायचो मारिनोव्ह या तरुणाला मातीत पिवळ्या धातूच्या वस्तू दिसल्या. त्याने त्या उचलून ठेवल्या आणि पुढे आपले जुने शिक्षक दिमितर झ्लातार्स्की यांना दाखवल्या. झ्लातार्स्कींनी दालगोपोल गावात एक छोटे संग्रहालय उभारले होते. वस्तू फार जुन्या आहेत हे त्यांनी ओळखले आणि वार्नाला कळवले. मग मिखाइल लाझारोव्ह आणि इव्हान इव्हानोव्ह यांनी तिथे रीतसर उत्खनन सुरू केले. इव्हानोव्ह यांचे काम १९९१ पर्यंत चालले. जवळपास तीनशे थडगी उघडली गेली. कार्बन-१४ कालमापनाने त्यांचा काळ इ.स.पू. साडेचार हजारच्या आसपास, म्हणजे आजपासून सुमारे साडेसहा हजार वर्षांपूर्वीचा ठरला. इजिप्तचे पिरॅमिड उभे राहायला तेव्हा अजून जवळजवळ दोन हजार वर्षे अवकाश होता.

मराठी वाचकाला ही हकिकत ऐकून दायमाबाद आठवेल. प्रवरेकाठच्या या गावी १९७४ साली छबू लक्ष्मण भिल या शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना काशाचे चार भरीव प्राणी-वाहनांचे शिल्प सापडले: बैलजोडीचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. चारांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. दोन्हीकडे पहिला हात कष्टकऱ्याचा लागला आणि दोन्हीकडे वस्तू अभ्यासकांपर्यंत पोचल्या. पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. दायमाबादची शिल्पे मातीच्या कोणत्या थरातली, हे ती निघताना नोंदले गेले नाही. एस. ए. साळी यांनी नंतर तिथे उत्खनन करून ती उत्तर हडप्पा काळातली मानली, तर डी. पी. अग्रवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून त्या काळाबद्दल शंका घेतली. हा वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. वार्नात सुरुवातीच्या काही वस्तू सोडल्या तर प्रत्येक मणी कोणत्या थडग्यात, कोणत्या बाजूला, कशाशेजारी होता याची नोंद आहे. म्हणूनच तिथे ‘हे सोने किती जुने’ याच्या पुढे जाऊन ‘हे सोने इथे का ठेवले’ असा प्रश्न विचारता येतो.

आता थोडा हिशेब. सगळ्या थडग्यांतून मिळून तीन हजारांहून अधिक सोन्याच्या वस्तू निघाल्या. त्यांचे वजन सहा किलोंच्या आसपास, म्हणजे आपल्या जुन्या मापाने पाचशे तोळ्यांहून जास्त भरते. पण हे सोने सगळ्यांच्या वाट्याला आलेले नाही. सोने मिळाले ती थडगी साठच्या आसपास. बाकीच्यांत मातीची भांडी, गारगोटीची पाती, एखादा शिंपल्याचा दागिना. काहींत तेवढेही नाही. सोने निघालेल्या थडग्यांतही वाटणी अगदी विषम आहे. १, ४, ३६ आणि ४३ या चारच थडग्यांत एकूण सोन्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश होते. इथवरचा हिशेब बहुतेक पुस्तकांत सापडतो आणि तो ‘राजा’च्या गोष्टीला पूरकच वाटतो.

त्याच हिशेबाची पुढची ओळ मात्र क्वचित लिहिली जाते. या चारांपैकी सांगाडा आहे तो फक्त ४३ मध्ये. त्यातले सोने साधारण दीड किलो. १, ४ आणि ३६ ही तिन्ही थडगी रिकामी आहेत. म्हणजे वार्नाच्या दफनभूमीतले साधारण निम्मे सोने ज्या खड्ड्यांत माणूसच नव्हता अशा खड्ड्यांत ठेवलेले होते. ज्याला आपण राजा म्हणतो त्याच्या वाट्याला एक चतुर्थांश आले आणि जिथे कोणीच नव्हते तिथे त्याच्या दुप्पट.

रिकाम्या थडग्यांचा आणखी एक प्रकार वार्नात आहे. क्रमांक २, ३ आणि १५ या थडग्यांत डोक्याच्या जागी कच्च्या मातीचे मुखवटे ठेवले होते. डोळ्यांच्या जागी सोन्याच्या गोल चकत्या, तोंडावर सोन्याची पट्टी, कपाळावर ललाटपट्ट, कानांत बाळ्या. संग्रहालयात हे चेहरे पाहताना माझे पाऊल अडले. सांगाडा काचेपलीकडे पाहायची आपल्याला सवय झालेली असते. पण नसलेल्या माणसासाठी कोणी मातीत चेहरा घडवला, त्याला डोळे दिले, तोंड झाकले, हे पाहणे वेगळे.

ही थडगी कोणाची, याची उत्तरे अनेक दिली गेली आहेत. दूरदेशी किंवा समुद्रात मेलेल्या, देह हाती न लागलेल्या माणसांची ती स्मारके असावीत, असे काही म्हणतात. काहींच्या मते ती देवतांसाठी होती. एखाद्या अधिकारपदाचाच तो विधी असावा, असाही एक कयास आहे. यांतले कोणतेही पुराव्याने बंद करता येत नाही. पण पुरावा जिथे स्पष्ट आहे तिथेही आपण घाई करतो. राजदंड आणि कुऱ्हाडी असलेली रिकामी थडगी ‘पुरुषांची’ मानली गेली आणि मुखवट्यांची, हत्यारे नसलेली थडगी ‘स्त्रियांची’. देह नसताना हे ठरले ते केवळ वस्तूंवरून. मग त्याच आधारावर निष्कर्ष निघाला की सत्ता पुरुषांकडे होती. म्हणजे हत्यार दिसले म्हणून पुरुष, आणि पुरुषाकडे हत्यार म्हणून पुरुषसत्ता. हे तर्काचे वर्तुळ आहे. मारिया गिम्बुटास यांनी ‘जुन्या युरोप’ला स्त्रीकेंद्रित मानले आणि त्या व्यवस्थेचा अंत याच काळाच्या शेवटाशी जोडला, त्यांच्या विरोधकांनी वार्नाचा राजदंड पुढे केला. दोन्ही बाजूंना ४३ चा सांगाडा फार महत्त्वाचा वाटला, कारण तोच एक असा होता ज्याला बोट दाखवता येत होते.

इथे मला माझ्या आजीच्या पाटल्या आठवल्या. ती गेली तेव्हा तिच्या हातांतल्या पाटल्या साबणाचे पाणी लावून उतरवल्या गेल्या. तोंडात तुळशीपत्र आणि सोन्याचा एक कण ठेवला तेवढाच तिच्याबरोबर गेला. पाटल्या कपाटात राहिल्या आणि त्या कोणाकडे जाव्यात यावर तेराव्यानंतर घरात जे बोलणे झाले ते अजून कोणी विसरलेले नाही. सोने ही आपल्याकडे मालमत्ता आहे. माणूस जातो, सोने घरात राहते, सुनेच्या किंवा लेकीच्या हातात जाते. मालमत्तेचा अर्थच तो: ती पुढच्याकडे जाते.

वार्नात नेमके उलटे घडले. ज्या समाजात सोने इतके दुर्मीळ होते की पाचांपैकी चार थडग्यांत त्याचा कणही नाही, त्याच समाजाने शेकडो वस्तू जमिनीत घातल्या, त्यातल्या निम्म्या अनुपस्थित माणसांसाठी. ४३ चा माणूस आपल्या अर्थाने धनवान असता आणि त्याचे धन मुलाकडे जाणार असते, तर मुलाने ते इतक्या सहज पुरू दिले असते का? थडग्यातल्या वस्तू मृताने स्वतः ठेवलेल्या नसतात. त्या मागे राहिलेल्यांनी ठेवलेल्या असतात, सर्वांच्या देखत. त्या काय सांगतात तर मागे राहिलेल्यांना काय दाखवायचे होते, ते. मृताच्या तिजोरीत काय होते याचा तो पुरावा होत नाही.

ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेनफ्रू यांनी १९८६ साली वार्नावर लिहिलेला निबंध या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. मूळचे मुंबईचे मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी वस्तूंच्या सामाजिक जीवनावर संपादित केलेल्या ग्रंथात तो आला. रेनफ्रू विचारतात की सोन्याला ‘मौल्यवान’ कोणी केले? सोन्याने ना झाड तोडता येते ना जमीन नांगरता येते. वार्नाच्या लोकांनी ते अंगावरच्या महत्त्वाच्या जागी घातले, हत्याराच्या दांड्याला मढवले, मातीच्या भांड्यावर रंगासारखे वापरले. मोठेपण ज्याने दाखवायचे ती वस्तू म्हणून त्याची निवड झाली आणि त्या वापरातून त्याला मोल आले. दसऱ्याला आपट्याची पाने ‘सोने’ म्हणून देणाऱ्या मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. ते पान दुसऱ्या दिवशी केरात जाते. देताना मात्र ते सोनेच असते, कारण देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनी तसे मानलेले असते.

रेनफ्रूंशी माझा मतभेद एका ठिकाणी आहे. सोन्याच्या मोलाचे मूळ ते समाजाच्या मान्यतेत शोधतात, पण त्या मोलाचा मालक म्हणून त्यांच्याही लिखाणात शेवटी उच्च स्थानावरची व्यक्तीच उभी राहते. रिकाम्या थडग्यांना हे लागू करून पाहिले तर व्यक्ती गळून पडते आणि पद किंवा नाते उरते. राजदंड एका माणसाचा असण्यापेक्षा एका जागेचा असू शकतो. ती जागा भरणारा माणूस हाती लागला तर त्याच्यासह, नाही लागला तर त्याच्याविना, पण तिचा विधी तेवढ्याच थाटात होतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. मी वार्नातली विषमता पुसू पाहते आहे का? नाही. तीनशेपैकी चार थडग्यांत तीन चतुर्थांश सोने ही विषमताच आहे, तिला दुसरे नाव नाही. आणि तिच्यामागे मोठे अर्थकारण होते हेही खरे. स्पाँडिलस जातीचे शिंपले एजियन समुद्रातून यायचे. तांबे स्तारा झागोराजवळच्या आय बुनार इथल्या खाणीतून निघत होते. वार्नाच्या पश्चिमेला प्रोवादियाजवळ खाऱ्या झऱ्यांचे पाणी आटवून मीठ केले जाई. वासिल निकोलोव्ह यांनी तिथे मिठाचे उत्पादन करणारी, दगडी तटबंदीची वसाहत उजेडात आणली. सोन्याच्या आधी मीठ आहे, असे म्हणायला जागा आहे. तेव्हा कोणाकडे तरी जास्त होते, कोणाच्या तरी शब्दाला वजन होते. माझा आक्षेप एवढाच आहे की मानाची विषमता आणि मालकीची विषमता या दोन गोष्टी एक धरू नयेत. पहिलीचा पुरावा वार्नात भरपूर आहे. दुसरीचा पुरावा मिळायचा तर तो घरांत मिळेल.

आणि घरेच आपल्याजवळ नाहीत. त्या काळच्या किनाऱ्यावरच्या वसाहती आज वार्ना सरोवराच्या पाण्याखाली आहेत. या लोकांनी मृतांना कसे निरोप दिले ते आपल्याला बारकाईने माहीत आहे. ते कसे राहत, कोणाचे कोठार मोठे होते, ते फार थोडे.

याची किंमत कळते ती आपल्या इनामगावशी तुलना केल्यावर. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन गावाचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांचे ते काम. वार्नापेक्षा तीन हजार वर्षांनी अलीकडचे हे गाव. तिथे मृतांना घरातच, जमिनीखाली पुरत. लहान मुलांना तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन कुंभांत. मोठ्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले असत. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र चार पायांचा, कच्च्या मातीचा रांजण मिळाला. त्यात एक पुरुष बसवलेला होता आणि त्याचे पाय शाबूत होते. सोबत नाव चितारलेले एक मडके. सोने नाही. ढवळीकरांनी त्याला गावचा प्रमुख मानले. या अनुमानाशीही वाद घालता येईल, पण ते निव्वळ दफनावर उभे नाही. पाच खोल्यांचे घर आहे, लागून कोठार आहे, इतर घरे किती लहान आहेत ते मोजता येते. मडक्याएवढ्या सामानावर इनामगावचा प्रमुख जितका भक्कम उभा राहतो तितका वार्नाचा राजा दीड किलो सोन्यावर उभा राहत नाही.

‘जगातले सर्वांत जुने सोने’ या बिरुदाचेही असेच आहे. १९८२ साली जपानमध्ये वार्नाच्या सोन्याचे प्रदर्शन झाले, ते युरोपची पहिली संस्कृती आणि जगातले सर्वांत जुने सोने अशा मथळ्याने. तेव्हाच्या बल्गेरियाला याचा अभिमान वाटावा हे समजू शकते. बल्गेरियन राज्य स्थापन झाले इ.स. ६८१ मध्ये; थडगी खणणाऱ्यांची भाषा कोणती होती हेही कोणाला सांगता येणार नाही. तरी जमीन आमची म्हणून सोने आमचे, ही भावना आपल्यालाही परकी नाही. पण ‘सर्वांत जुने’ हा मान फार ठिसूळ असतो. २०१६ मध्ये पाझार्जिकजवळच्या युनात्सिते या टेकाडात सापडलेला सोन्याचा एक इवलासा मणी वार्नाहूनही जुना असल्याचा दावा पुढे आला. तो टिको वा न टिको, उद्या आणखी एखादा मणी सापडेल. त्याने वार्नाचे काय बिघडेल? बिरुदावर भिस्त असेल तर पुष्कळ. कोणी कोणासाठी काय पुरले या प्रश्नावर भिस्त असेल तर काहीच नाही.

संग्रहालयाच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. वस्तू सुट्या करून मखमलीवर मांडण्याचा मोह आवरून तिथे थडगी थडगी म्हणूनच दाखवली आहेत आणि भरलेल्याबरोबर रिकामीही दाखवली आहेत. पाहणाऱ्याला विचार करायला लागणारे साहित्य त्याच्यापुढे आहे. आपणच सोन्याच्या दिशेने आणि माणसाच्या दिशेने ओढले जातो. जिथे दोन्ही एकत्र दिसतात तिथे गोष्ट आपोआप तयार होते: हा माणूस, हे त्याचे सोने. त्या ‘त्याचे’ या शब्दाला थडग्यात कुठेही आधार नाही. तो आपण घरून घेऊन आलेलो असतो, कपाटातल्या पाटल्यांसकट.

निघण्यापूर्वी मी पुन्हा ३६ पाशी गेले. या वेळी दोन बैलांकडे नीट पाहिले. पत्र्यातून कापलेले, पातळ, कडेला बारीक छिद्रे पाडलेली. छिद्रे आहेत म्हणजे ते कापडावर शिवलेले असणार. कोणीतरी ते वस्त्र शिवले, खड्ड्यात उलगडून ठेवले, त्यावर राजदंड माणसाच्या हातात असावा तशा जागी ठेवला आणि माती लोटली. कापड गेले, बैल राहिले. वार्नाच्या दफनभूमीचा सुमारे एक तृतीयांश भाग अजून खणलेला नाही. तिथे आणखी सोने निघेलही. मला उत्सुकता आहे ती निघणाऱ्या थडग्यांपैकी किती रिकामी असतील याची.